मी उजवा हात दाखवला

डॉक्टरबाईंच्या टेबलापुढच्या रांगेत आमच्या पुढे तीनच पोरं उरली होती तेव्हा मी माझ्या पोरीच्या फ्रॉकची बाही वर केली. सकाळी नुसतं गुलाबी दिसत होतं. आता डाव्या हाताला, सुई टोचलेली तिथे, कोटाच्या बटणाएवढी लाल गाठ. वाट लागली!

आमची विक्रोळीची चाळ, सगळी कारखान्यातली माणसं. तीन दिवस आधी ही डॉक्टर मंडळी येऊन पोरांना टोचून गेली होती. बाई म्हणाल्या, हे औषध नाही, आमचा शोध चाललाय, कुठल्या वस्तीत किती पोरांच्या अंगात टीबी शिरलाय त्याचा. यंत्रबिंत्र काही नाही, आम्ही परत येऊन हात डोळ्यांनी बघणार, पट्टीने सूज मोजणार, लिहिणार. सुजला तर छातीचा फोटो. मी चौथीपर्यंत शिकलेली, मला एवढंच कळलं की सुजला म्हणजे टीबी. कोपऱ्यातल्या खोलीत टीबी निघाला तेव्हा त्यांना कोणी नळाला हात लावू दिला नव्हता. महिन्यात खोली सोडून गेली ती माणसं.

मागे शेजारीण तिच्या धाकटीला घेऊन उभी.

"काय गं, पांढरी पडलीस? दाखव."

"काही नाही."

"दाखव ना!" बघितलं आणि तोंडाला पदर लावला. "मेले! माझ्या पोरीचा पण असाच आहे गं."

तेवढ्यात बाई ओरडल्या, "हात, लवकर!" सकाळपासून बघून बघून त्यांचे डोळे चुरचुरत असावेत, सारख्या चष्मा काढून पुसत होत्या. मी उजवा हात पुढे केला.

"आई, हा नाही, तो."

"गप गं, बाईंना कळतं."

बाईंनी हात उन्हात धरला, बोट फिरवलं. "साफ. शून्य लिहा."

शेजारणीनेही उजवाच दिला. तिच्या मागे कोणी कोणी दिला, मी वळून बघितलं नाही.

आमची चाळ त्यांच्या कागदावर साफ निघाली. फोटोची गाडी पलीकडच्या चाळीत आली, आमच्याकडे वळलीच नाही. तिथल्या दोन पोरींना औषध चालू झालं, अंग धरलं त्यांनी. माझी तेव्हा खोकायला लागली होती. मी म्हटलं सर्दी आहे, सगळ्यांना तेच सांगितलं. शेवटी दवाखान्यात नेलं तर डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात, इतके दिवस काय बघत होतात?

बघतच होते हो. रोज तिचा डावा हात बघत होते. गाठ गेली, डाग राहिला.

त्या बाईंना जाऊन सांगावं वाटतं, तुमचा कागद खोटा आहे. पण त्या कुठे बसतात ते मला माहीत नाही, आणि सांगितलं तर शेजारणीचं पण निघेल. तिची धाकटी अजून खोकत नाही. रोज सकाळी मी कान लावून ऐकते.

मागे शेजारीण उभी, पुढे पट्टी, आणि पोरगी तुमची. तुम्ही कुठला हात पुढे केला असतात?