पाचशे, पाचशे, पाचशे

या लिखाणात मी कुणाचंच नाव घालणार नाही. भीती म्हणून नाही, सवय म्हणून. गेली काही वर्षं माझं कामच नावं झाकायचं आहे.

आमचं इस्पितळ पुण्यात, जुन्या पेठांच्या कडेला. तळघरात रेकॉर्ड रूम आहे, तिथे मी बसते. महिन्याच्या एका शनिवारी दुपारी वरच्या मजल्यावर डॉक्टरांची मीटिंग भरते. आधीच्या महिन्यात जे पेशंट इस्पितळात वारले, त्यांच्या फायली तिथे उघडतात. काय झालं, कसं झालं, आणखी काही करता आलं असतं का, हे बघतात. आम्ही खालचे लोक तिला ‘गेलेल्यांची मीटिंग’ म्हणतो. फायली मी काढते. आणि प्रत्येक फायलीत जिथे जिथे पेशंटचं, डॉक्टरचं, सिस्टरचं नाव असेल, तिथे पांढरी पट्टी लावते. पट्ट्या जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानांच्या कापते. कागद जाड असतो, खालचं दिसत नाही.

ही पद्धत मॅडमची. मॅडम म्हणजे आमच्या सगळ्यात जुन्या डॉक्टर. दोनदा निवृत्त झाल्या आणि दोन्ही वेळा सोमवारी परत कामावर आल्या. राहायला सदाशिव पेठेत, येणं-जाणं पायी. मीटिंग सुरू करताना त्या दर वेळी एकच सांगतात, “इथे ‘कोणी’ केलं हे विचारायचं नाही. ‘कसं’ झालं ते विचारा. ‘कोणी’ विचारायला बाहेर पुष्कळ मंडळी मोकळी आहेत.”

मी मूळची चंद्रपूरच्याही पलीकडची. गावाहून पुण्याला पोचायला एक अख्खा दिवस आणि एक अख्खी रात्र जाते. शाळा सातवीपर्यंत. आठवीची शाळा नदीपलीकडे होती आणि मुलींना तिकडे पाठवायचं कुणाच्या मनातच आलं नाही. लग्न झालं, ह्यांना धायरीला एका सोसायटीत वॉचमनचं काम लागलं, म्हणून पुण्यात आलो. मी इस्पितळात मावशी म्हणून लागले. पुरुषांच्या वॉर्डात नऊ वर्षं काढली. चादरी बदलायच्या, पेशंटला कुशीवर वळवायचं, भांडी द्यायची, लघवीच्या पिशव्या रिकाम्या करायच्या. मग पाठीची गादी सरकली. ठेकेदार म्हणाला, वजन उचलता येत नसेल तर घरी बसा. तेव्हा मॅडम ऑफिसात जाऊन म्हणाल्या, “बाईंची पाठ गेलीय, डोळे शाबूत आहेत. रेकॉर्डला बसवा.” एवढंच बोलल्या आणि राउंडला गेल्या. त्यांच्या त्या एका वाक्यावर आमच्या घराचं भाडं चाललंय, मुलगी शिकतेय. हे मी विसरत नाही.

स्वभाव मात्र घाबरट. गॅस बंद केला का ते बघायला बसस्टॉपवरून घरी परत जाणाऱ्यातली मी आहे. बंदच असतो.

रेकॉर्डला येऊन महिना झाला आणि माझी पहिली मीटिंग आली. गुरुवारी फायली काढल्या. तिसरी फाईल घेतली, पट्टी लावायला गेले आणि हात थांबला. हे आजोबा माझ्या वॉर्डातले. मी वॉर्ड सोडायच्या आठवडाभर आधी वारले होते. खिडकीजवळची खाट. घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं त्यांचं. पायाच्या जखमेतला संसर्ग अंगात भिनला म्हणून दाखल झालेले. मी सकाळच्या ड्युटीवर गेले की ते म्हणायचे, “अहो बाई, आठ वाजून चार मिनिटं. भिंतीवरचं घड्याळ पुढे आहे की आपण मागे आहात?” मी म्हणायची, “बस मागं राहिली, आजोबा.” त्यावर, “बसचा पट्टा बदलून घ्या.” माझ्या बोलण्यातलं ‘करून राहिले’ त्यांना फार आवडायचं. बायकोला सांगायचे, “या बाई करून राहिल्या आहेत, आणि आपण नुसतेच राहिलो आहोत.”

नाव झाकलं. मग पुढची पानं उलटली. पोटात पाणी किती गेलं आणि लघवी किती झाली, याचा एक तक्ता प्रत्येक फायलीत असतो. दिवसातून तीन ड्युट्या, तीन आकडे. आजोबांच्या शेवटच्या दोन दिवसांचे सहा आकडे होते. पाचशे, पाचशे, पाचशे. पुन्हा पाचशे, पाचशे, पाचशे.

त्यातले दोन्ही सकाळचे माझे होते.

आता हे नीट सांगायला हवं. तक्त्यावर सिस्टर लिहितात, पण पिशवी मावशी रिकामी करते. रेघा असलेल्या प्लॅस्टिकच्या मगात ओतायची, बघायची आणि वॉर्डाच्या या टोकाकडून ओरडून आकडा सांगायचा. कमी सांगितला की सिस्टर म्हणणार, “नीट बघितलंस का? पिशवी गळतेय का बघ. नळी मुडपलीय का बघ.” मग तिला डॉक्टरांना कळवावं लागणार, डॉक्टर तिच्यावर चिडणार, ती आमच्यावर. अठरा खाटा आणि दोन मावश्या. शिवाय माझ्यासारखीला मनात शंका, आपल्याला त्या बारीक रेघा वाचता येतात की नाही. म्हणून आम्हा मावश्यांत एक आकडा ठरून गेला होता. कुणी ठरवला नाही, आपोआप ठरला. पाचशे म्हटलं की कुणी पुढे काही विचारत नाही. फारच उघड कमी असेल तर सांगायचो. थोडं इकडेतिकडे असेल, घाई असेल, की पाचशे.

त्या दुसऱ्या सकाळची पिशवी मला आठवत होती. मगाचा तळ जेमतेम झाकला होता आणि रंग कोऱ्या चहासारखा. मला वाटलं, आधीच्या ड्युटीवालीनं नुकतीच रिकामी केली असेल. आजोबाही त्या दिवशी माझ्या उशिराबद्दल काही बोलले नव्हते. मी आठ वाजून दहा मिनिटांनी पोचले होते. त्यांनी नुसतं बघितलं. हे मला तेव्हाच खटकलं होतं, आणि खटकलेलं मी सांगितलं कुणाला? कुणालाच नाही. ओरडून सांगितलं ते पाचशे.

तक्त्याचं पान मी फायलीतून काढलं आणि माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं. फायलीतली पानं हरवतातच. आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी म्हणतं, पान सापडत नाही. कुणी चौकशी केली नसती.

घरी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, “तुला कुणी विचारलंय का?”

“नाही.”

“मग झालं तर. रेकॉर्डला लागून महिना झालाय, उगाच स्वतःहून डोकं पुढं करू नकोस.”

त्यांचं चूक नव्हतं. रेकॉर्डची नोकरीही ठेक्यावरचीच, आणि माझी पाठ बघता दुसरीकडे मला कोण घेणार होतं? शुक्रवारी दिवसभर ड्रॉवरला कुलूप आहे ना, हे मी किती वेळा बघितलं त्याला सुमार नाही. शनिवारी डबा खाल्ला आणि मीटिंगच्या अर्धा तास आधी पान परत फायलीत लावलं. बोलायचं असं काही ठरवलं नव्हतं. मॅडमनं मला डोळे शाबूत आहेत म्हणून बसवलं होतं. त्या डोळ्यांनी बघून पान लपवायचं, हे मला जमेना, इतकंच.

मीटिंगमध्ये माझं काम दाराजवळच्या खुर्चीवर बसून फाईल द्यायची आणि घ्यायची. तिसरी फाईल दिली. आजोबांवर उपचार करणारा डॉक्टर तरुण होता, नुकताच शिकून आलेला. नाव पट्टीखाली होतं, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या म्हणून सगळ्यांना कळलं. एक मोठे डॉक्टर म्हणाले की संसर्गावर दिलेलं हे औषध मूत्रपिंडावर जड जातं, लघवीवर लक्ष ठेवून द्यायचं असतं.

तो म्हणाला, “सर, मी रोज तक्ता बघत होतो. लघवी व्यवस्थित होत होती.”

“शेवटच्या दिवशीचं रक्त काय सांगतं? मूत्रपिंड बंद पडलं होतं.”

“तक्त्यावर पाचशे आहे, सर. सहाही वेळा.”

“म्हणजे तक्ता बरोबर आणि रक्त खोटं?”

 मॅडम चष्मा पुसत होत्या. कुणीतरी औषधाच्या मात्रेचा हिशेब फळ्यावर मांडायला घेतला. तो पोरगा खाली मान घालून बोटाचं नख कुरतडत होता. मी त्याला वॉर्डात बघितलेलं होतं. खाटेजवळ गेला की आधी तक्ता हातात घ्यायचा. त्यानं बघितलं होतं हे खरं होतं. आम्ही लिहायला लावलेलं बघितलं होतं.

मी उभी राहिले.  म्हणाले, “मॅडम, ते पाचशे खरं नाही.”

सगळे वळले. मेट्रन म्हणाली, “मावशी, तू बस. चहाला अजून वेळ आहे.”

“बसते, मेट्रनबाई. पण ते पाचशे खरं नाही. आम्ही पाचशेच सांगतो.”

मग जे वर लिहिलं ते सगळं सांगून टाकलं. मगावरच्या रेघा, ओरडून सांगणं, कोऱ्या चहाचा रंग. माझंही सांगितलं, की सकाळची मी होते. आजोबा त्या दिवशी टोमणा मारायचे राहिले हेही सांगितलं. ते सांगताना रडू आलं. 

मॅडमनं चष्मा घातला. फळ्याजवळच्या डॉक्टरांना म्हणाल्या, “पुसा ते. अर्धा तास आपण मावशींच्या पाचशेचा भागाकार करत होतो.” मग माझ्याकडे वळून, “बसा बाई. कोण होतं ते मी ऐकलं नाही, ते इथे चालत नाही. कसं झालं ते ऐकलं.”

मी विचारलं, “मॅडम, मी खरं सांगितलं असतं तर आजोबा वाचले असते का?”

 त्यांनी मला खोटा धीर दिला असता तर मी घेतला असता. त्या म्हणाल्या, “ते मला सांगता येणार नाही. आजार मोठा होता. पण आपल्याला एक दिवस आधी कळलं असतं, आणि तो दिवस त्यांचा होता.” हे वाक्य मला अजून जड जातं. तरी त्यांनी ते सांगितलं याचं बरं वाटतं.

मग मेट्रनकडे बघून म्हणाल्या, “कमी आकडा सांगितला की ओरडा मिळतो. मग कोण सांगेल? मी तरी सांगितला नसता.”  तरुण डॉक्टरची मान अजून खालीच होती, पण नख त्यानं सोडलं होतं.

“आता तुम्हीच सांगा बाई, काय केलं तर मावश्या खरं सांगतील?”

असं मला आयुष्यात कुणी विचारलं नव्हतं.  म्हटलं, “आम्हाला आकड्यांची भीती वाटते, मॅडम. रेघ मारता येते.”

“म्हणजे?”

“कागदावर मगाचं चित्र काढून द्या. जेवढं भरलं तेवढं आम्ही रंगवतो. ओरडून सांगायला नको.”

पुढच्या आठवड्यात पानं छापून आली. एका दिवसाचे तीन मग, रेघांसकट. प्रत्येक खाटेला एक पान आणि दोऱ्याला बांधलेली निळी पेन्सिल. मावशीनं ओतायचं, मग पानाशेजारी धरायचा, तेवढं रंगवायचं. रंग अर्ध्याखाली आला की सिस्टरनं लाल गोल करून डॉक्टरांना बोलवायचं, आणि मावशीला उलट प्रश्न विचारायचा नाही, हे मॅडमनं खाली स्वतःच्या अक्षरात मराठीत लिहिलं होतं.

मला कुणी काढलं नाही. मेट्रन मात्र महिनाभर माझ्याशी बोलली नाही. माझ्या जुन्या वॉर्डातल्या बायका कॅन्टीनमध्ये म्हणाल्या, “आली बघा मोठी डॉक्टरीण. आम्हाला बालवाडीत घातलं हिनं.” दुसरी म्हणाली, “घालू दे गं. आमच्या मास्तरांनी कधी रंगवायला दिलं नव्हतं.” एकीनं तर मगाच्या कानाला वेल काढली, त्यावर मेट्रननं तिला ऑफिसात बोलावलं. पण पानं भरत गेली. कुणाचा मग काठोकाठ, कुणाचा पाऊण, कुणाचा तळाला. आमच्या वॉर्डात सगळ्यांना सारखी लघवी होत नाही, हे नऊ वर्षांनी पहिल्यांदा कागदावर आलं.

गेलेल्यांची मीटिंग अजून भरते. माणसं जातात, कागदावर मग छापले म्हणून कुणी अमर झालेलं नाही. तो तरुण डॉक्टर आता तितका तरुण राहिला नाही. खाली आला की “मावशी, पाचशे?” म्हणतो आणि मी म्हणते, “मोजून सांगते, बसा.”

पानं लागून दोन-तीन महिने झाले असतील तेव्हाची एक फाईल मात्र माझ्या चांगली लक्षात आहे. मीटिंगच्या ढिगातली नव्हती, घरी गेलेल्यांच्या ढिगातली होती. मध्यमवयाचा माणूस, त्याच वॉर्डातला, खिडकीजवळच्याच खाटेवरचा. फाईल रॅकला लावायच्या आधी मी निळ्या मगांची पानं उलटली. पहिल्या दिवशी पाऊण मग. मग अर्धा. मग तळाला एक बोटभर, आणि त्याभोवती लाल गोल, इतका जोरात काढलेला की कागद फाटला होता. शेजारी डॉक्टरांची सही आणि वेळ. त्यापुढे औषध बदललेलं. दोन दिवस बोटभरच. मग अर्धा. मग पाऊण. शेवटच्या पानावर मगाच्या कानाला वेल होती.

मी कॅलेंडरची पट्टी उचलायला हात नेला, सवयीनं. मग परत ठेवली. त्या माणसाचं नाव दोनदा वाचलं, पूर्ण, आडनावासकट, आणि फाईल वरच्या रॅकला लावली.