वाळूत साबूत राहिलेलं लिंबू

पंधरा दिवस झाले, देवापुढे बसून डोळे मिटले की टायर दिसतो. काळा, धुळीचा, अर्धा वाळूत गेलेला. बोटं जपमाळेवर आणि मन सायखेड्याला. वहीत मी रोज देवाचं आणि घरातलं लिहिते, आज वन्संचं लिहिते. डोक्यातून उतरलं तर उतरलं.

मैनावन्सं माझ्या थोरल्या नणंद, सायखेड्याला दिलेल्या. पन्नाशीला एक वर्ष कमी. त्यांचे मालक खंडेराव भाजीची पिकअप चालवायचे. साखरेच्या आजारानं त्यांची नजर गेली तेव्हा मुलं शाळेत होती. वन्संनी महिनाभर शेतातच गाडी मागे-पुढे केली आणि एका सकाळी टोमॅटोचे क्रेट भरून स्वतःच नाशिकच्या मार्केटला निघाल्या. द्वारका सर्कलला ऐन गर्दीत गाडी बंद पडली. मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी, बैलगाडी बरी होती!" वन्संनी काच खाली केली. "बैल तू हो, आत्ता जुंपते!"

तेव्हापासून अठरा वर्षं तोच रस्ता. मुलं मार्गी लागल्यावर त्यांनी जुनी जीप घेतली, चारही चाकं ओढणारी. कशाला म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "रस्त्यावर लय चालवली. आता रस्ताच नाय तिथं चालवायचीय."

नाशिकच्या गाडीवाल्या बायकांचा एक गट मार्गशीर्षात जैसलमेरकडे वाळूच्या टेकड्यांवर निघणार होता. वन्संनी नाव दिलं. गटाची प्रमुख तेजस्विनी, तिशीतली मुलगी, पण अट कडक. प्रत्येक गाडीत दोघी हव्यात. एकीनं चालवायचं, दुसरीनं खाली उतरून हातानं दिशा दाखवायची, रुतली तर फावडं मारायचं. आणि निघण्याआधी चाचणी. तीन संधी. तिन्ही हुकल्या तर आपली गाडी घरी ठेवायची आणि दुसरीच्या गाडीत मागे बसून यायचं.

"मागं बसून वाळू बघायला मी काय वरातीतली करवली हाय?" वन्सं म्हणाल्या. येईन तर स्टिअरिंगवर, नाहीतर येणारच नाही, असं त्यांनी सांगून टाकलं.

त्यांची जोडीदारीण, शेजारची सून, ऐनवेळी गळाली. वन्सं थेट आमच्या घरी. "कला, तू चल. तुझ्या देवांना आठ दिवस महेश आंघोळ घालील."

आमचे हे पेपरातून म्हणाले, "अक्का, मी माझी स्वतःची केली तरी पुष्कळ."

मी हो म्हटलं खरं, पण त्या दिवसापासून चैन पडेना. मार्गशीर्षातला एक गुरुवार वाळवंटात येणार. लक्ष्मीची मांडणी कुठे करायची, तांब्यात घालायला पाच झाडांची पानं कुठून आणायची? आणि वन्सं माझ्यामुळे नापास झाल्या तर? फावडं मी आयुष्यात धरलेलं नाही. वणीला देवीला जाऊन आलो, जीपला तिथलं कुंकू लावलं.

चाचणी वन्संच्याच शेतात ठरली. गोदावरीकाठच्या त्या खालच्या रानात मागे मोठ्या पुरानं गुडघाभर वाळू आणून टाकली होती. जेसीबीनं ती एका बाजूला लोटली, तिचा घरापेक्षा उंच ढीग झाला. वन्सं तिकडे फिरकत नसत. तेजस्विनीनं ढीग पाहिला आणि म्हणाली, "ताई, तुमच्याकडे तर जैसलमेर आहे!" जीप ढिगावर चढवून पलीकडे उतरवायची, एवढीच परीक्षा.

तिनं आधी सगळं समजावलं. वाळूवर टायरची हवा निम्म्यावर आणायची. जीपला पस्तीस पौंड असते, ती सोळा करायची. मग टायर पसरतो, रुतत नाही. "मी एकदाच सांगते. चाचणीत मी बोलणार नाही," असं म्हणून ती बांधावर जाऊन बसली. शेजारी खुर्चीवर खंडेराव. त्यांना दिसत नाही, पण इंजिनच्या आवाजावरून गियर सांगतात.

वन्सं टायरपाशी गेल्या. सूं करून जरा हवा सोडली, हवेचं मीटर लावलं आणि उठल्या. मी रीतीप्रमाणे चारही चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला.

गाडी निघाली, ढिगाच्या पायथ्याशी पोचली आणि बसली. बांधावरून खंडेराव म्हणाले, "आवाज चढला. रुतली."

मी फावडं घेऊन धावले. वाटेत, गाडी जिथून निघाली तिथं, माझं लक्ष गेलं. एकही लिंबू फुटलेलं नव्हतं. वाळूत चार खळगे, आणि वीतभर खाली प्रत्येकात एक लिंबू, पिवळंधमक, साबूत. आजवर आमच्या कुठल्या गाडीखाली लिंबू साबूत राहिलं नव्हतं. देवी नको म्हणतेय की काय!

वन्संना काही बोलले नाही. चाकं मोकळी केली. दुसऱ्यांदा त्यांनी रागानं रेस दिली, तशी मागची चाकं निम्मी आत गेली.

आता एकच संधी. वन्सं उतरून धपाधप ढिगाकडे गेल्या. त्यांच्या टाचांचे खोल खळगे उमटत होते, लिंबांच्या खळग्यांसारखेच. मी चप्पल काढून उभी होते, सबंध तळवा टेकवून, दीपदानाला नदीकाठी उभी राहते तशी, आणि मी मुळीच रुतले नव्हते. लिंबाला देवीनं वाचवलं नव्हतं. टाचेसारख्या कडक टायरनं त्याला खिळ्यासारखं खाली ठोकलं होतं.

"वन्सं, हवा किती ठेवलीय?"

"अठ्ठावीस. बास हाय."

"ती सोळा म्हणाली."

"तिला काय जातंय म्हणायला! सोळा म्हणजे पंक्चर. अठरा वर्षं टायर कडक ठेवून माल पोचवलाय मी."

मी चाकाशी बसले आणि हवेचं टोपण काढलं.

"हात लावू नको, कला!" वन्सं धावत आल्या. असा त्यांचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. मग खाली बसल्या आणि हळू बोलल्या, "आडगावला टायर फुटला व्हता माझा. हवा कमी व्हती, माल जास्त. क्रेट रस्त्यावर, आन् शेजारी हे बसलेले, डोळ्यांनी आंधळे. काय झालं काय झालं म्हणून चाचपत व्हते मला. तवापासून कमी हवा बघितली की तेच डोळ्यापुढं येतं."

वीस वर्षं मी या घरात सून आहे, त्यांना कधी उलट बोलले नाही. पण म्हणाले, "तेव्हा खाली डांबर होतं, वन्सं. मागे माल होता. आज खाली वाळू आहे आणि मागे फक्त माझी पिशवी."

त्यांनी मीटर माझ्या हातात दिलं आणि तोंड फिरवलं. "सोड. मला आवाज ऐकवत नाय."

चारही चाकांची हवा मी सोडली, मनात देवीचं नाव घेत. टायर बसके झाले, थापलेल्या भाकरीसारखे पसरले. मग ढिगावर चढून उभी राहिले आणि हात वर केला. पदर वाऱ्यावर. जीप निघाली. रेस नाही, घाई नाही, एका लयीत. माझ्या अंगावर येतेय असं वाटलं तेव्हा मी डावीकडे हात केला, तिनं डावीकडे वळण घेतलं, आणि एका क्षणी काचेतून फक्त आभाळ बघणाऱ्या वन्सं मला दिसल्या. मग बॉनेट खाली झुकलं आणि गाडी पलीकडे उतरली.

बांधावरून खंडेराव उभे राहून ओरडले, "दुसऱ्या गियरमधी गेली! एकदा बी नाय चुकली!"

तेजस्विनीनं यादीत लिहिलं: चालक मैनाताई, जोडीदार कलाताई. यादीतलं माझं नाव मी दोनदा वाचलं. आता खरंच जायचं.

एक साबूत लिंबू मी घरी आणलंय, तेव्हापासून ते देवापाशीच आहे. चाकाखाली ठेवलेलं लिंबू परत आणतात का, आणलं तर त्याचं काय करतात, कुणाला ठाऊक नाही. आज सकाळी वन्संना फोन करून विचारलं.

"पोह्यावर पिळ," त्या म्हणाल्या. "आन् ऐक, तुझा गुरुवारचा तांब्या पानांसकट आत्ताच गाडीत आणून ठेव. मागून जागा राहायची नाय."