कातरिनाला शांती

"सुमेध, आज मी पळणार नाही. गुडघा धरलाय," पांढरा झगा सावरत रोझलिनआंटी म्हणाल्या आणि वसई किल्ल्याच्या समुद्राकडच्या दरवाजात दगडावर बसल्या.

"थोडंसंच, आंटी. फक्त हा सीझन."

"गेल्या सीझनलाही हेच म्हणालास. त्याच्या आधीच्याही."

आंटी अठ्ठावन्नच्या. आठवडाभर मशीनवर वाकून चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी मुलींचे फ्रॉक शिवायचे आणि शनिवारी संध्याकाळी भूत व्हायचं. हे भूत त्यांच्या गावच्या सणातल्या एकांकिकेतलं: कातरिना, बुडालेल्या नवऱ्याची वाट बघत मेलेली बाई. वसईच्याच एव्हरशाईन वसाहतीत राहणारा सुमेध सुरुवातीला लोकांना घेऊन किल्ल्याची नुसती सफर काढायचा. त्याच्या बुरुजांच्या माहितीवर लोक जांभया द्यायचे. "आंटी, नुसत्या दरवाजात उभ्या राहा. तुमची ती वाक्यं म्हणा," त्याने विनवलं. त्या उभ्या राहिल्या आणि जांभया थांबल्या.

पहिल्या वर्षी कातरिना फक्त बोलायची. मग तिला हुंदके आले, स्पीकरवरचा वारा आला, रीलवाल्यांसाठी किंकाळी आणि धावणं आलं. सफरीत सुमेधच्या मदतीला मी असायचे; तालमी मीच घ्यायचे. आंटी "मला आता सोडा" म्हणाल्या की आम्ही चहा मागवायचो. दुसरी बाई कुणी शोधतच नव्हतं.

त्या शनिवारी जवळच्या निर्मळ गावची एक म्हातारी नातीबरोबर आली होती. लाल लुगडं, हातात पिशवी. ऊन उतरलं, कातरिना दरवाजात आली.

"माझ्या आत्म्यासाठी कुणी प्रार्थना कराल का?"

या वाक्याला लोक हसतात, मग किंकाळी येते. म्हातारी हसली नाही. तिने पिशवी नातीकडे दिली.

"करते की, बाय. थांब जरा."

तिने क्रूसाची खूण केली. "प्रभू, हिला चिरशांती दे. फार दमलीय बिचारी."

"आमेन," गर्दीतले चार-सहा जण सवयीने म्हणाले. आणि तितक्याच सवयीने भूतही म्हणालं, "आमेन."

हशा पिकला. स्पीकरवर वारा सुटलेलाच. मी भिंतीआडून कुजबुजले, "आंटी, किंकाळी."

"आता कसली किंकाळी? प्रार्थना झाली."

सुमेध लोकांना पुढच्या चर्चकडे वळवून धावत परत आला. "आंटी, अहो, प्रार्थना कातरिनासाठी होती."

"आमेन तर मीच म्हटलं ना?" त्यांनी झगा डोक्यावरून काढला. आत रोजचा फुलाफुलांचा ड्रेस, पाठ घामाने भिजलेली. "आमेन म्हटल्यावर परत उठून लोकांच्या मागे धावायचं? नाही जमायचं मला."

"मग पुढच्या शनिवारी?"

"तू उभा राहा. बसेल तुला, सैलच शिवलाय."

सुमेधने माझ्याकडे पाहिलं. झगा माझ्याच हातात आला होता, ओला आणि जड.

म्हातारी पुढे गेलीच नव्हती. तिने आंटींचा दंड धरला. "कुठल्या गावची गं तू?"

आंटी सांगत सांगत तिच्याबरोबर रिक्षा स्टँडकडे निघाल्या, एक पाय जरा ओढत.