बाल्कनीतून म्हशीला हाका

बोटीवर मी बाल्कनीवाली खोली घेतली. घ्यायला नको होती.

एजंटाने दोन खोल्यांचे फोटो दाखवले होते. एक बोटीच्या पोटातली, खिडकीच नसलेली. दिवा मालवला की भर दुपारी काळोख. दुसरी कडेची, काचेचं सरकतं दार आणि बाहेर दोन खुर्च्या मावतील एवढी बाल्कनी. बायकोने पहिल्या फोटोवर बोट ठेवलं. "हीच घ्या."

"अगं, समुद्र नको का दिसायला?"

"पाणीच ना? ते उंबऱ्यातनं दिसतंय की."

खोटं नव्हतं. आमचं घर भाटघर धरणाच्या काठाला. पाणी बघायला आम्हाला मान वळवावी लागते, गाडी काढावी लागत नाही. पण भोरच्या स्टँडवर चार माणसांत सांगताना 'बाल्कनी' हा शब्द तोंडात कसा भरून येतो! 'आतली खोली' म्हटलं की लॉजवर राहून आल्यासारखं वाटतं. मी बाल्कनी घेतली.

तिला समुद्र नकोच होता. लेकीचं लग्न नुकतंच उरकलं होतं. पाहुणे, मांडव, रुखवत, आणि या सगळ्याच्या अध्येमध्ये सकाळ-संध्याकाळ म्हशीची धार. मांडव उतरला त्या दिवशी ती ओट्यावर बसली ती बसूनच राहिली. म्हणाली, "मला कुठंबी न्या. फकस्त हाक मारायला कुणी नको. मला झोपायचंय." इतक्या वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही पहिलीच वस्तू, आणि ती बाजारात मिळत नव्हती. म्हणून मुंबई-गोवा-मुंबई बोट.

अडचण म्हशीची होती. रेडकू दगावल्यापासून ती बायकोशिवाय कुणाच्या हाताला पान्हा सोडत नाही. भावाची बायको धार काढायला तयार झाली, बायकोचं जुनं लुगडंही अंगाभोवती गुंडाळून बसली. म्हैस वासाला फसली, पण कान टवकारून उभी. तिला आवाज हवा होता. बायको धार काढताना तिच्याशी बोलते; म्हैस फुरफुरली की 'व्हय गं, व्हय' म्हणते. तेव्हा शहाणपणाने कोण बोललं? मीच. "त्यात काय, धारेच्या टायमाला फोन लावायचा. बाल्कनी किनाऱ्याच्या बाजूची हाय, रेंज येईल."

बायकोने फोनचा चार्जर पिशवीत टाकला.

खोली चांगली होती. बायकोने चपला काढल्या, पांढऱ्या गादीवर अंग टाकलं आणि म्हणाली, "पडदा ओढा." मी पडदा ओढायला उठलो आणि फोन वाजला. किनारा अजून दिसत होता, रेंज भरपूर.

"आक्का, लाथ मारली वो तिनं. बादली गेली," भावजय म्हणाली.

बायको उठली. आत आवाज तुटत होता, म्हणून बाल्कनीत गेली, कठड्याला टेकली आणि फोन तोंडाशी धरून समुद्राकडे बघत सुरू झाली. "ये गं माझे बाय. उभी ऱ्हा. व्हय गं, व्हय. हितंच हाय मी."

शेजारच्या बाल्कनीत पुण्याचे एक गृहस्थ चहा पीत बसले होते. त्यांनी पडदीवरून मान काढून मला हळूच विचारलं, "घरी कुणी आजारी आहे का?"

"नाही. म्हैस आहे."

त्यांनी कप खाली ठेवला आणि आपल्या बायकोला बाहेर बोलावलं. मग त्या दोघांनी शेवटपर्यंत ऐकलं.

पहाटे पुन्हा फोन. बोट दक्षिणेला चाललेली, आमची बाजू जमिनीकडची, म्हणजे पूर्वेची. रेंज तिथूनच यायची आणि ऊनही तिथूनच. बायको सुजलेल्या डोळ्यांनी उगवत्या सूर्यासमोर उभी राहून म्हशीची समजूत घालत होती. शेजारचं जोडपं तयारीनिशी, शाली पांघरून बसलं होतं. आतल्या खोलीत रेंजही नसती आणि सूर्यही, हे मला तेव्हा कळलं.

गोव्यात तिला खोलीत झोपू द्यायचं, तर मी सहलीची बस धरली. म्हटलं, आलोच आहोत तर. ती किल्ल्यात डुलक्या देत होती, देवळात खांबाला टेकून उभी होती. काजू विकणाऱ्या बाईने तिला स्टूल दिलं. मी दिलं नव्हतं, कारण मी फोटो काढत होतो.

संध्याकाळी बोट परत निघाली. आता तोंड उत्तरेला, त्यामुळे जमीन पलीकडच्या बाजूला गेली आणि आमच्या बाल्कनीसमोर नुसता उघडा समुद्र. फोनवर एकही दांडी नाही. मी पडद्यापर्यंत जाईपर्यंतही बायकोने वाट बघितली नाही. पदर तोंडावर घेतला आणि घोरायला लागली. मी खुर्चीत बसलो. पाय भरून आले होते, डोकं जड झालं होतं, आणि आपण विश्रांतीला आलोय हे आठवून जास्तच थकवा येत होता.

घड्याळात बघितलं. धारेची वेळ झाली होती.

तिला उठवावं? हात तिच्या खांद्यापर्यंत गेलाही होता. तिच्या टाचांवर लग्नघरात पडलेल्या भेगा तशाच होत्या. हात मागे घेतला. फोन घेऊन, जिने चढून, मी पलीकडच्या बाजूच्या मोकळ्या डेकवर गेलो. तिथे गाणी लागली होती, लोक पोहण्याच्या टाकीभोवती नाचत होते. कठड्याला अगदी चिकटलो तेव्हा कुठे रेंज मिळाली.

"आक्का कुठाय?" भावजय म्हणाली. "तटून हुबी हाय ही. दूध कोंडलं तर कास सुजंल. आक्काला द्या."

"झोपलीय ती. उठवणार न्हाई. मी बोलतो. फोन लाव तिच्या कानाला."

"तुमी?"

"लाव तर."

मी घसा खाकरला. आवाज बायकोसारखा बारीक केला आणि अरबी समुद्राला म्हणालो, "ये गं माझे बाय. उभी ऱ्हा. व्हय गं, व्हय. हितंच हाय मी." शेजारी नाचणारा एक पोरगा थांबला. मी डोळे मिटून घेतले आणि पुन्हा म्हणालो. तिकडून फुरफुर ऐकू आली. मला वाटलं, जमलं. अजून जीव ओतला.

मग बादली गडगडत गेल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ भावजयीचा.

"भावजी, आक्काला झोपू द्या, म्या बघते कायतरी. पर तुमी त्वांड मिटा. जरा पान्हावत आलती, तुमचा आवाज ऐकून परत पान्हा चोरला तिनं."