क्लॅरिनेटपुढे मी ‘भेट’ लिहिलं

सत्तरी ओलांडल्यावर मुलीनेच विषय काढला. “बाबा, या वाद्यांचं पुढे काय करायचं ते आत्ताच ठरवा. माझ्याकडे दोनच खोल्या आहेत.”

अमरावतीच्या राजापेठेतल्या आमच्या घराची समोरची खोली वाद्यांनी भरलेली आहे. सारंगी, दिलरुबा, पखवाज, चार पेट्या, त्यातल्या एकीचा भाता फाटलेला. मला त्यातलं एकही धड वाजवता येत नाही. नोकरी फिरतीची होती; जिथे जुनं वाद्य दिसेल तिथे मी ते मागायचो. साहेबाला नाही कोण म्हणणार?

गावातल्या एका कॉलेजने संग्रह घ्यायची तयारी दाखवली. तिथल्या प्राध्यापक बाई घरी येऊन सगळं बघून गेल्या. म्हणाल्या, “प्रत्येक वाद्य कोणाचं होतं, तुमच्याकडे कसं आलं, एवढं लिहून द्या.” दोन दिवस मी हौसेने यादी करत होतो. क्लॅरिनेटपाशी आलो आणि पुढे ‘भेट’ असं लिहिलं. बायको शेजारी मेथी निवडत होती. तिने वाचलं आणि नुसतं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.

ती भेट नव्हती. अकोल्याला असताना एका लग्नात बँडमधल्या माणसाचं वाजवणं ऐकून मी त्याच्या घरी गेलो होतो. क्लॅरिनेट जुनं, लाकडी, त्याच्या वडिलांचं. एक चावी सैल झाली होती. “अमरावतीला चांगला कारागीर आहे, दुरुस्त करून आणतो,” मी म्हणालो. त्याने ते स्वतःच्या दुपट्ट्यात गुंडाळून दिलं. आठवड्यात दुरुस्त झालं. मी ते काचेच्या कपाटात ठेवलं.

तो दोनदा ऑफिसात आला. “झालं का जी, साहेब? लग्नसराई लागून राहिली.”

“चावी मिळत नाही,” मी सांगितलं. पुढे माझी बदली झाली.

यादी तशीच ठेवून मी क्लॅरिनेट पिशवीत घातलं आणि अकोल्याची बस धरली. घर सापडलं, तो नव्हता. बारा वर्षांपूर्वीच वारला होता. त्याची मुलगी दारात बसून झेंडूचे हार ओवत होती. मी नाव सांगितलं, क्लॅरिनेट पुढे केलं. “परत करायचं राहून गेलं,” एवढंच बोललो.

तिने हात पदराला पुसून ते घेतलं. “बाबा तं मंग झांजाच वाजवत,” ती म्हणाली. “क्लॅरिनेट नाई तं पुढं कोन उभं करते? मागं झांजावाल्यात राहत. आमी लहान होतो. आमाले वाटे, झांजाच त्याईचं काम हाय.”

तिने सतरंजी टाकली, मी बसलो. तिने चहा आणला. “तुमी एवढी वर्सं सांभाळलं म्हनून राहिलं, काका. आमच्या घरी कवाच मोडलं असतं.”

ते आभार ऐकत मी चहा प्यालो. मग तिने सहज विचारलं, “तुमाले वाजवता येते का?”

“नाही.”

“मंग कावून ठेवलं?”

तिच्या आवाजात राग नव्हता. “मला हवं होतं म्हणून,” मी म्हणालो. “दुरुस्त तर तेव्हाच झालं होतं. मी तुझ्या वडिलांशी खोटं बोललो.”

तिने सुई उचलली. मग पुन्हा फुलं ओवू लागली. मी उठलो तेव्हा तिने ‘या’ म्हटलं नाही. क्लॅरिनेट तिच्या मांडीवर होतं.

घरी येऊन प्राध्यापक बाईंना फोन केला, यादीला वेळ लागेल म्हणून सांगितलं. त्यांनी कारण विचारलं तेव्हा तेही सांगितलं. सांगताना कान तापले. आता बायकोला शेजारी बसवून मी नव्याने लिहितो आहे. तिला माझ्यापेक्षा जास्त आठवतं. काल दिलरुब्यापाशी तिने माझा हात धरला आणि म्हणाली, “हा कोणाचा, ते नीट आठवा.”