भंगाराच्या टेम्पोवरचं माझं वाक्य

जालन्याच्या एमआयडीसीत लोखंड वितळतं, म्हणून जिल्ह्यातल्या गावागावांत भंगारवाल्यांचे टेम्पो फिरतात. टपावर भोंगा आणि भोंग्यात एकच रेकॉर्डिंग: लोखंड, पत्रा, जुनी बॅटरी, फुटकी घागर. मागच्या वर्षी भोकरदनकडच्या एका टेम्पोवर या यादीच्या मधोमध एका पोरीचा आवाज यायला लागला. "मोबाइलवर काही लिहून आलं की पोरासोरांना हाका मारत बसू नका. आता मोबाइलच वाचून दाखवतो. नेट लागत न्हाई, पैसा लागत न्हाई. आपलं गुपित दुसऱ्याच्या खिशात कशाला ठेवायचं?" आणि लगेच पुढं, जुनी बॅटरी, पत्रा.

त्यातलं शेवटचं वाक्य माझं आहे. हे आधीच सांगून ठेवतो, कारण दुसरं कुणी सांगायला येणार नाही.

मी पत्रकं लिहीत मोठा झालो. कुंभार पिंपळगावात आमच्या वस्तीची जयंतीची पत्रकं मी दहावीत असल्यापासून लिहायचो. कॉलेजला जालन्यात आलो, तर वसतिगृहाच्या पाण्यापासून स्कॉलरशिपपर्यंत प्रत्येक भांडणाचं पत्रक माझ्याकडं. पत्रकाचा एक कायदा असतो. वर मोठ्या अक्षरात सवाल, मधे अन्याय, खाली इशारा आणि तळाला नावं. नावांच्या क्रमावरून आमच्याकडं मारामाऱ्या झाल्यात. कुणाचं नाव चौथ्यावरून सातव्यावर गेलं म्हणून त्यानं मोर्चाला यायचं सोडलं होतं. लोक हसतात, पण मला तो माणूस बराबर समजतो.

पुढं बियाण्याच्या कंपनीत पाकिटं मोजायच्या कामाला लागलो आणि त्याच काळात या प्रकल्पात शिरलो. मराठी मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर. बँकेचा मेसेज, दवाखान्याची चिठ्ठी, लाइटचं बिल, काहीही. फोटो काढा आणि ऐका. मोबाइलमधलं काही बाहेर जात नाही. कुणाच्या मालकीचं नाही, सगळ्यांसाठी उघडं. घ्या, वापरा, बदला, वाटा, कुणाला विचारू नका, असा त्याचा परवाना. तो वाचला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. आमच्या बापजाद्यांना विहिरीवर पाणी विचारून घ्यावं लागलं, आणि इथं कुणीतरी लिहून ठेवलंय की विचारू नका.

प्रोग्रॅम लिहिणारे पाचसात जण, बहुतेक पुण्याचे. त्यातल्या मुख्य माणसाला आम्ही सर म्हणायचो. रविवारी सकाळी सगळ्यांची फोनवर बैठक व्हायची. मला प्रोग्रॅमिंग येत नव्हतं. सर म्हणाले, "तुम्ही लोकांपर्यंत न्या." फुकटचं जनसंपर्काचं काम, पण पद होतं. साइटवरचा मराठी मजकूर, सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडल्यावर ऐकू येणारी ओळख, सगळं माझं. त्यात कुणी बदल सुचवला, तर मान्य करायचं बटणही माझ्याच हातात.

मी पत्रक काढलं. दोन्ही बाजूंनी छापलेलं, पिवळ्या कागदावर. वर सवाल: "तुमचं पत्र वाचणारा तुमचा कोण लागतो?" मधे मोठ्या कंपन्या आपला आवाज, आपला फोटो कसा उचलून नेतात त्याचा समाचार. आणि खाली ते वाक्य: आपलं गुपित दुसऱ्याच्या खिशात कशाला ठेवायचं? ते मी दुपारच्या सुट्टीत कंपनीच्या पायऱ्यांवर बसून लिहिलं होतं आणि लिहिल्यावर उगाच एक चक्कर मारून आलो होतो. चांगलं वाक्य झालं की मला चालावं लागतं.

रोलिंग मिलच्या गेटवर पाळी सुटताना वाटलं. गावच्या आठवडी बाजारात वाटलं. घरी बापाच्या हातात दिलं. बाजारात एका मावशीनं माझ्यासमोरच त्यात मिरची बांधून गिऱ्हाइकाला दिली. मी म्हणालो, "मावशी, वाचा तरी." ती म्हणाली, "वाचते ना बाबा, तू हो पुढं."

महिना गेला, दुसरा गेला. सॉफ्टवेअर काही कुणी उतरवून घेईना. सर बैठकीत म्हणायचे, वेळ लागतो. मी म्हणायचो, समाज झोपलेला आहे.

मंग ती आली. भोकरदनकडच्या धावडा गावची पोरगी. झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मच्या दुकानात बसायची. दिवसभर लोकांचे मेसेज वाचून दाखवून वैतागली होती, म्हणून शोधत शोधत आमच्या बैठकीत आलेली. पहिल्याच रविवारी सरांनी तिला विचारलं, तुमच्याकडं प्रचाराचं काय करता येईल. ती म्हणाली, "दादांचं पत्रक पाह्यलं मी. लई भारी लिहिलंय. पन सर, ज्याला वाचता येत न्हाई त्याच्यासाठीच हाये ना हे? मंग त्याला पत्रक कशाला देऊन राह्यलो आपण?"

फोनवर सगळे हसले. सरही. तिला हसवायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं होतं. त्यानं उलट जास्त लागलं. मुद्दाम मारलेला टोला परतवता येतो.

मी म्हणालो, "घरात एक तरी वाचणारा असतोच. तो वाचून सांगतो."

"हो दादा, त्याच्याच तर खिशात गुपित राह्यतं," ती म्हणाली.

माझंच वाक्य, माझ्यावरच.

पुढच्या आठवड्यात तिनं ते रेकॉर्डिंग केलं. मामाचा भंगाराचा टेम्पो होता, त्याच्या भोंग्यात घातलं. कुणाला विचारलं नाही. माझ्या दोन्ही बाजूंच्या पत्रकातून तिनं फक्त ते एक वाक्य उचललं, तीन आपली जोडली आणि बाकीचा सगळा अन्याय टाकून दिला. टेम्पो भोकरदन तालुक्यात फिरला. कुणीतरी ते मोबाइलवर पकडलं आणि ग्रुपवर टाकलं. मग या ग्रुपवरून त्या ग्रुपवर. कंपनीत माझ्या शेजारी पाकिटं मोजणारा डबा उघडताना म्हणाला, "आपलं गुपित दुसऱ्याच्या खिशात कशाला?" आणि चटणी माझ्याकडं सरकवली.

मी म्हणालो, "ते माझं वाक्य आहे."

"न्हाई न्हाई, धावड्याच्या पोरीचं हाये ते. ऐकलं न्हाई का तू? थांब, ऐकवतो."

त्यानं ऐकवलं. मी पूर्ण ऐकलं. तिचा आवाज कशालाच भीत नाही आणि कुणाला भिववतही नाही. ओसरीवर बसून शेंगा फोडता फोडता सांगावं तसं बोलते. माझा आवाज मला माहीत आहे. मी "पाणी द्या" म्हणालो तरी घोषणा वाटते. हे देणं कुणाला कसं मिळतं याचा हिशोब मला आजही लागलेला नाही, आणि मला त्याचा राग आहे. मेहनत करून मिळत असतं तर मी केली असती.

मी तिला फोन केला. म्हणालो, "वाक्य घेतलं, तर सांगायचं तरी."

ती गोंधळली. "दादा, तुम्हीच तर त्या पत्रकाच्या मागं छापलंय ना, घ्या, बदला, वाटा, विचारू नका म्हणून. मला वाटलं पत्रकालाही लागू असंल."

छापलं होतं. ठळक अक्षरात. मी "लागू आहे" म्हणालो आणि फोन ठेवला. तत्त्व आपल्या पायावर पडतं तेव्हाच त्याचं वजन कळतं, असं पत्रकात लिहायला बरं वाटतं. पायाला ते बरं वाटत नाही.

खरी गोष्ट पुढं आली. साइटवर तिचा बदल येऊन पडला. सॉफ्टवेअर पहिल्यांदा उघडल्यावर माझी लांबलचक ओळख मशीनच्या आवाजात ऐकू यायची. ती काढून तिथं तिच्या आवाजातल्या या चार ओळी ठेवाव्यात, अशी सूचना. खाली तिनं लिहिलं होतं: शेवटची ओळ दादांची आहे. मान्य करायचं बटण माझ्यासमोर. म्हणजे माझ्या हातानं माझं पुसायचं आणि तिचं ठेवायचं. तिनं माझं श्रेय लिहून माझी शेवटची तक्रारही काढून घेतली होती.

मी बटण दाबलं नाही. सर बैठकीत म्हणाले, "बघितलं का?" मी म्हणालो, "बघून राह्यलो." पुढच्या रविवारीही बघूनच राह्यलो होतो.

नकार लिहायला बसलो. नकाराला कारण द्यावं लागतं, तसा तिथला रिवाज. मी लिहिलं, "भाषा प्रमाण नाही. 'न्हाई' असा उच्चार सर्व महाराष्ट्रात चालणार नाही." लिहून झालं आणि मला उठावं लागलं, पण चांगलं वाक्य झालं म्हणून नव्हे. कॉलेजच्या पहिल्या वर्षी एका प्राध्यापकानं भर वर्गात माझ्या 'न्हाई'ची नक्कल केली होती. शहरात आल्यावरचं माझं पहिलं पत्रक त्यावरच होतं. "आमची जीभ कापून तुमचा अभ्यासक्रम शिकायचा का?" असा त्याचा मथळा. आता तोच प्राध्यापक माझ्या बोटांत येऊन बसला होता. मी ते खोडलं. दुसरं कारण शोधलं. एकही सापडलं नाही, कारण नव्हतंच. तिचं चांगलं होतं, एवढीच अडचण होती.

त्याच आठवड्यात गावाकडून बापाचा फोन आला. बापाला सही येते, वाचता येत नाही. मेसेज आला की तो मोबाइल घेऊन शेजारच्या गुरुजींच्या दारात जातो आणि त्यांचं जेवण होईपर्यंत बाहेर उभा राहतो. हे मी लहानपणापासून बघत आलो. या प्रकल्पात मी कशासाठी आलो, ते तिथं उभं होतं.

"ऐक," बाप म्हणाला, "पुढच्या खेपेला आला की ते मोबाइलमधी टाकून दे. वाचून दाखवनारं. सगळ्यांच्या मोबाइलवर ती पोरगी सांगती ना, धावड्याची."

"बाबा, ते माझंच काम आहे. वर्ष झालं करून राह्यलो."

"तुझं हाये? मंग सांगितलं न्हाई ते?"

"सांगितलं की. पत्रक दिलं तुमच्या हातात. पिवळं."

त्यानं तिकडं आईला काहीतरी विचारलं. मग म्हणाला, "हां, ते. जयंतीचं आसंल म्हणून तुझ्या आईनं पेटीत ठेवलं. जपून ठेवलंय, काळजी करू नको."

वाचता न येणाऱ्या बापाच्या हातात मी दोन्ही बाजूंनी छापलेला कागद ठेवून आलो होतो. ती हे पहिल्याच रविवारी म्हणाली होती. आणि माझ्या बापाला माझं काम कळलं ते तिच्या तोंडून.

मी फोन ठेवला आणि बटण दाबलं. कुणी मोठेपणा समजू नये. बाप गुरुजींच्या दारातून हलायला पाहिजे होता, आणि माझ्या आवाजानं तो हलला नव्हता. दाबल्या दाबल्या तिचा मेसेज: "थँक्यू दादा. तुमचं वाक्य होतं म्हणून जमलं." खाली फुलं. फुलं बघून आणखी राग आला. निदान तिनं थोडा माज तरी करायचा होता.

सुट्टीच्या दिवशी गावी गेलो. बाप अंगणात बाजेवर. मी त्याच्या मोबाइलमध्ये सॉफ्टवेअर टाकलं आणि उघडून हातात दिलं. तिचा आवाज अंगणभर झाला. आई चुलीपाशी थांबली. शेवटची ओळ आली तेव्हा बापानं गुरुजींच्या दाराकडं बघितलं आणि मान हलवली.

"हे शेवटचं वाक्य मी लिहिलंय," मी म्हणालो.

"वाक्य बराबर हाये," बाप म्हणाला. त्यानं मोबाइल माझ्यापुढं धरला. "परत लाव. ती बोलती ते."

मी परत लावलं.