मुलीचं सेकंडहँड पिस्तूल

आमच्या मुलीचं पिस्तूल तिच्या मालकीचं नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक माझ्याकडे बघतच राहतात. शारजात, रोल्लातल्या आमच्या एवढ्याशा फ्लॅटमध्ये पिस्तूल ठेवायला परवानगी कोण देणार? ते क्लबचं. उम्म अल कुवैनच्या बाजूला नेमबाजीचा एक क्लब आहे, तिथल्याच कुलूपबंद कपाटात ते असतं. देश सोडून गेलेल्या कुठल्यातरी मेंबराकडून क्लबनं ते वापरलेलं घेतलं, आणि हिचा हात लहान म्हणून तिथल्या अरब कोचबाईंनी हिला दिलं. मूठ हिच्या हातात अगदी मापाची बसली. इथेच वाढलेली पोर, मराठीत विचारलं तरी इंग्लिशमध्ये उत्तर देते, पण त्या मुठीबद्दल बोलायला लागली की थांबत नाही.

मी पहिल्या दिवसापासून विरोधात. मी तिला बजावलं होतं, एकदा जरी काही वेडंवाकडं झालं, तर खलास, नेमबाजी त्याच दिवशी बंद. "ओके, डील," म्हणाली होती. क्लबच्या संघाची निवड तोंडावर आली होती, म्हणून मी गप्प होते एवढंच.

आणि दसऱ्यानंतर ते पिस्तूल बिघडलं. नेमकं काय बिघडलं हे कुणालाच कळत नव्हतं, मग मला काय कळणार? चाप ओढला की कधी गोळी सुटायची, कधी नुसतंच टक. कोचबाईंनी गोळ्या बदलून पाहिल्या, नळी साफ केली, मॅगझिन दुसरं लावलं. दोन दिवस शहाण्यासारखं चालायचं, मग पुन्हा टक. मी म्हटलं, वापरलेली वस्तू ती वापरलेलीच, आधीच्या माणसानं काय काय केलं असेल देव जाणे. आमचे हे कारखान्यात मेंटेनन्सला आहेत, मिक्सर खरखरला तरी उघडून बसतात. त्यांना विचारलं तर म्हणाले, "अगं, मला हात तरी लावू देतात का? बाहेरून काय सांगू?" तेही खरंच होतं. माझं डोकं चालेनासं झालं.

त्या शनिवारी आम्ही दोघं मागच्या बाकावर बसलो होतो. मुलगी आपल्या जागी उभी राहिली, हात ताणला, चाप ओढला, आणि टक.

मला वाटलं, झालं, आता ठेवेल खाली. पण ती तशीच. हात ताणलेला, नळी समोर, मान सरळ. काय चाललंय तेच समजेना. दुखापत झाली? हात अडकला? घाबरून थिजली की काय? मी उठले आणि ओरडले, "अगं ए, ठेव ते खाली!" मग घरच्या लाडक्या नावानं आणखी एक हाक मारली, जोरात. आजूबाजूच्या सगळ्यांनी वळून पाहिलं. हिनं नाही. मोठ्यांनी हाक मारली की वळून बघावं, एवढं तरी मी हिला लहानपणापासून शिकवलं होतं. असा संताप आला म्हणून सांगू. ह्यांनी मला हाताला धरून खाली बसवलं.

कोचबाई तिच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या आणि माझ्याकडे न बघता तळहात वर केला. दोघी नुसत्या उभ्या. तव्यावरच्या पोळीचा कोळसा झाला असता, इतका वेळ. मग मुलीनं नळी समोरच ठेवून मॅगझिन काढलं, वरचा भाग मागे ओढला, आणि न उडालेली गोळी टपकन बाहेर पडली. कोचबाईंनी आत डोकावून पाहिलं, वर करंगळी घालून चाचपलं. रिकामं आहे अशी खात्री पटल्यावरच आम्हाला टेबलापाशी येऊ दिलं.

त्यांनी ती गोळी दाखवली. कडेला पुसटसा व्रण होता. म्हणाल्या, ठोका बसतोय पण हलका बसतोय, आत काहीतरी अडतंय. मग त्यांनी पिस्तूल सुटं केलं आणि घोडा जिथे जाऊन आदळतो, तिथल्या फटीतून चिमट्यानं काहीतरी ओढून काढलं. पांढऱ्या फडक्यावर ठेवलं. तांदळाचा दाणा होता, अर्धा चुरडलेला, लालसर. मागोमाग आणखी एक निघाला.

"राइस?" कोचबाई म्हणाल्या. मुलगी माझ्याकडे वळली. "आई, सीरियसली?"

तिची तरी काय चूक? खंडेनवमीला ह्यांची हत्यारांची पेटी, माझं शिलाई मशीन, लॅपटॉप, सगळं पाटावर मांडून पूजा करणारी मीच. आणि हळदीनं लॅपटॉप अपडेट होतो का, म्हणून दरवर्षी टिंगल करणारे हे. पण देवाशपथ, त्या पिस्तुलाच्या वाऱ्यालाही मी उभी राहिले नव्हते. कुंकवाच्या अक्षता इथे येतील कशा? मी गोंधळून ह्यांच्याकडे पाहिलं, तर हे फरशीकडे बघत होते.

"मी हात नाही लावला," हे म्हणाले. "खंडेनवमीला हिला सोडायला आलो, तेव्हा पिस्तुलाची पेटी उघडी होती. ही आवाजासाठी कानावर लावायचे मफ आणायला गेली होती. सकाळच्या अक्षता खिशात होत्या, त्या नुसत्या वरून टाकल्या."

"तुम्ही?"

"हसतो मी, ते ठीक आहे. पण हिला इथे सोडताना दर वेळी भीती वाटते मला."

कोचबाईंना मुलीनंच सगळं समजावून सांगितलं. त्या ह्यांच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "हबीबी, प्रेयर पार्किंगमध्ये. इथे नाही."

परतताना गाडीत बसलो. माझ्या तोंडात शब्द तयार होता, खलास. वेडंवाकडं झालंच होतं, आणि आपल्याच माणसामुळे झालं होतं. एवढ्यात मागच्या सीटवरून ती बोलली, तेही मराठीत.

"आई, तुझी हाक मला ऐकू आली होती."

"मग वळली का नाहीस?"

"कधी कधी गोळी लेट सुटते. मी वळले असते ना, तर माझ्याबरोबर पिस्तूल पण वळलं असतं. तुझ्याकडे."

ह्यांनी गाडीचा वेग कमी केला. तोंडाशी आलेलं ते 'खलास' मी गिळून टाकलं.

पुढच्या शनिवारी तिची बॅग मीच भरली. ह्यांचे दोन्ही खिसे दारातच उलटे करून घेतले. आणि क्लबमधल्या त्या बाकावर सगळा वेळ तोंडावर ओढणी घट्ट धरून बसले.